पऱ्हाटीची कोप

जीप सुरू झाली तरी मायनं माझा हात सोडला नव्हता. वऱ्हाडातल्या बायका "सोडा आता, उशीर होतोय" म्हणत होत्या, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, आणि माय खिडकीतून आत वाकून सांगत होती, "येळवसला ये गं बाई. पंधरा दिसांवर आलीय. आण्णा न्यायला येतेल." आण्णा म्हणजे माझे वडील. ते जीपच्या पलीकडं उभे राहून रानाकडं बघत होते. तूर शेंगांनी लगडली होती. रडायचं नाही असं ठरवलं, की आमचे आण्णा माणसांकडं न बघता रानाकडं बघतात.

माझं माहेर रेणापूर तालुक्यातलं आणि सासर हदगाव तालुक्यातलं. लातूर आणि नांदेड हे दोन शेजारचे जिल्हे. पुण्याला, अमेरिकेला गेलेल्यांपुढं मी स्वतःला स्थलांतरित म्हणवून घेतलं तर लोक हसतील. सकाळी एसटीत बसलं की दुपारी पोचायचं, एवढंच अंतर. पण ज्या गावात आपला सगळ्यांत मोठा सण कुणाला ठाऊकच नसतो, ते गाव लांबच असतं. म्हणून हे तुम्हा माहेरच्यांसाठी लिहितेय, आणि माझ्यासारख्या जीपमध्ये बसून आलेल्या सगळ्याजणींसाठी.

येळवस म्हणजे वेळ अमावास्या, मार्गशीर्षातली. त्या दिवशी आमच्याकडं गावात कुत्रंसुद्धा सापडत नाही, सगळे रानात. ज्वारीच्या कडब्याची कोप, म्हणजे छोटं खोपटं, उभारायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडायचे, ते पाच पांडव. त्यांची आणि रानातल्या लक्ष्मीची पूजा झाली की जेवण. जेवण म्हणजे भज्जी. ही तळलेली भजी नव्हेत. त्या घडीला रानात जे जे हिरवं आहे, तुरीचे दाणे, हरभऱ्याचे दाणे, वाटाणा, मेथी, कांद्याची पात, ते सगळं एका पातेल्यात चिंच आणि बेसन घालून रटरटा शिजवायचं. सोबत बाजरीचे उंडे, म्हणजे वाफवलेले गोळे, आणि दोन दिवस मडक्यात आंबवलेली ताकातली आंबील. अजूनही नुसतं लिहिताना तोंडाला पाणी सुटतंय.

आमच्या घरचा त्यात एक जादा नेम होता. रस्त्यानं जाणारा कुणीतरी अनोळखी माणूस जेवल्याशिवाय आण्णा पंगतीला बसत नसत. बांधावर उभं राहून आरोळी द्यायचे, "ओ पाव्हणं, या जेवाया!" बिचारा वाटसरू आधीच चार रानांत जेवून आलेला असायचा, पण नाही म्हणायची सोय नव्हती. एखादा उंडा तरी हातावर घ्यायचाच. तोवर आम्ही भावंडं भुकेनं कळवळत रस्त्याकडं डोळे लावून बसायचो. कधी कधी त्या वाटसरूचा रागच यायचा, कुठं मेलाय म्हणून.

लग्नानंतरच्या त्या येळवसला आण्णा ठरल्याप्रमाणं न्यायला आले आणि एकटेच परत गेले. माझ्या सासूबाईंनी, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो, स्पष्ट सांगितलं, "अमावास्येला नवी सून घराबाहेर काढत नसतात, पाव्हणं." इकडं अमावास्या म्हटलं की लोक नवं काम काढत नाहीत, आणि तिकडं आमचा वर्षाचा सण. आण्णांनी वाद घातला नाही. चहा घेतला आणि मिळेल ती गाडी धरली. मी चुलीपुढं बसून पोटभर रडले आणि धुरावर ढकललं.

पुढच्या वर्षी मी नवऱ्याला म्हटलं, आपल्याच शेतात येळवस करू. आमचे हे शाळेत मास्तर. "कर की," म्हणाले आणि वह्या तपासायला लागले. मी हौसेनं आण्णांना फोन लावला. ते म्हणाले, "येळवस आपल्या रानात असती, बाई. दुसरीकडं ते नुसतं जेवण."

मला ते फार लागलं. आपल्या रानात म्हणे! मग मला दुसऱ्याच्या रानात पाठवलं कुणी? अर्थात हे मी मनातच म्हटलं. वर अडचण अशी, की इकडं सगळा कापूस आणि सोयाबीन, ज्वारी औषधालाही नाही. मग कडबा आणायचा कुठून? मी आदल्या हंगामाच्या वाळक्या पऱ्हाट्या, म्हणजे कापसाच्या काड्या, बांधून कोप उभी केली. तेही आण्णांना कळलं. "पऱ्हाटीच्या कोपीत लक्ष्मी बसती व्हय?" एवढंच बोलले आणि फोन मायकडं दिला.

त्या दिवशी मी पहाटे उठून सगळं केलं. पूजा झाल्यावर लिंबाच्या डहाळीनं शेताच्या कडेकडेनं आंबील शिंपडली, जशी आण्णा शिंपडायचे. मग रस्त्याशी उभं राहून हाक दिली. एक मोटारसायकलवाला थांबलाही. त्यानं माझ्याकडं बघितलं, पांढरे दगड बघितले, मडकं बघितलं, बांधावर उडालेले पांढरे थेंब बघितले, आणि गाडी अशी काही पळवली की धुरळ्यात मलाच ठसका लागला. दुसरा सायकलवाला तर लांबूनच हात जोडून वळला. मला काही कळेना. तेवढ्यात शेजारच्या शेतातले किशनराव तावातावानं आले. "वहिनी, आमच्या धुऱ्यावर काय टाकून राहिल्या तुम्ही? अमावास्या हाय आज!" बांधाला इकडं धुरा म्हणतात.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. अमावास्येचा दिवस, रानात मांडलेले दगड, हद्दीवर शिंपडलेलं पांढरं पाणी, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला जेवायला बोलावणारी परगावची बाई. माझ्या सणाची गावानं करणी केली होती! मास्तरच्या बायकोनं शेतात मांड मांडलाय, ही बातमी घरी पोचायला कितीसा वेळ लागणार? थोड्या वेळानं पदर खोचून आत्याबाई येताना दिसल्या.

त्यांनी कोपीपुढं मांडी घातली, स्वतःच्या हातानं भज्जी वाढून घेतली, उंडा कुस्करला आणि किशनरावांच्या देखत जेवायला लागल्या. मग म्हणाल्या, "माझ्या सुनेच्या हातचं हाय. करणी असंल तर आधी मला लागू दे." आंबिलीचा पेला तोंडाला लावला आणि त्यांचा चेहरा कसनुसा झाला. "लई आंबट हाय गं," म्हणाल्या, पण पेला संपवला. किशनराव बराच वेळ त्यांना काही होतंय का ते बघत उभे होते. काही होईना, तसे तेही टेकले. दुसऱ्यांदा भज्जी मागितली तेव्हा मी मान वळवून डोळे पुसले. आत्याबाईंशी माझं नंतर पुष्कळदा वाजलं, पण त्या एका दिवसासाठी मी त्यांना सगळं माफ केलंय.

आता त्याचं काय झालंय ते येऊन बघा. बचत गटाच्या बायकांनी हा दिवस कधीच आपलासा केला. प्रत्येक घरानं आपल्या शेतातलं आणायचं, बाजारातून आणायचं फक्त मीठ. जेवण पळसाच्या पत्रावळीवर. नांदेडहून गाड्या भरून लोक येतात, व्हॉट्सअॅपवर आधी नावं नोंदवतात, कोपीपुढं रील काढतात. यंदा कृषी खात्यातले साहेब आले होते. बॅनरवर 'स्थानिक, हंगामी व शाश्वत आहार महोत्सव' असं लिहिलेलं. आम्ही इतकी वर्षं शाश्वत खात होतो हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं! चेष्टा सोडा, मला मनापासून आवडतं ते. नांदेडच्या एका मुलीनं तुरीची शेंग पहिल्यांदा सोलून खाल्ली आणि तिचे डोळे विस्फारले, ते बघून माझा सगळा शीण गेला.

पण येळवस सगळीकडं एकाच दिवशी येते. इथली करायला लागल्यापासून तिथली मला एकदाही मिळाली नाही. आणि आण्णांनी माझी येळवस कधी मानली नाही. फोनवर पाऊस विचारायचे, तूर विचारायचे, जावयाची तब्येत विचारायचे. येळवस शब्द तोंडातून निघायचा नाही. सगळं गाव जेवून गेलं तरी संध्याकाळी मला भांडी घासताना तेच आठवायचं, नुसतं जेवण.

यंदा सकाळी मायला फोन केला. "आण्णा कुठं हायत?" तर म्हणाली, "रानात हायत की," आणि घाईनं फोन ठेवला. दुपारी पंगत बसायची वेळ झाली. साहेबांना भूक लागलेली दिसत होती. मी मात्र धुऱ्यावर उभी. आत्याबाई आता थकल्यात, त्यांनी खुर्चीतूनच विचारलं, "बसू दे की गं लोकांना. शंभर माणूस आलंय, ते काय माणसात न्हाई?"

"वळखीचं हाय, आत्याबाई. नाव नोंदवून आल्यालं."

फाट्यावर एसटी थांबून गेली. डोक्यावरून शाल घेतलेला, हातात पिशवी असलेला एक म्हातारा माणूस रस्त्यानं येत होता. ऊन माझ्या डोळ्यांवर. मी हाक दिली, "ओ पाव्हणं, या जेवाया!" तो थांबला नाही. मी अजून जोरात ओरडले, "न्हाई म्हणायचं न्हाई, एक उंडा तरी घ्या!" तेव्हा तो थांबला. माझ्याकडं न बघता माझ्या रानाकडं बघत उभा राहिला. कापसातल्या तुरीच्या ओळी बघत राहिला.

तसं उभं राहणारा माणूस मला एकच माहीत आहे. मी पळत गेले. "आण्णा! आन् तुम्ही तसंच पुढं चालला होता?"

"तुझा भाऊ करायलाय तिकडं. म्हणलं, बघून यावं," आण्णा म्हणाले. "बाप म्हणून आलो असतो तर तू जेवू घातलंच असतंस. वाटनं जाणाऱ्याला हाक येती का, ते बघायचं हुतं. न्हाई आली असती तर तसाच परतीच्या गाडीला गेलो असतो."

ते कोपीत वाकले, पऱ्हाटीच्या काड्या हलवून बघितल्या, गाठी चाचपल्या. "पक्की हाय," म्हणाले. पांडवांपुढं डोकं टेकवलं. मी लगबगीनं पत्रावळ मांडली आणि साहेबांना म्हटलं, बसा आता, वाटसरू आला.

"कोण वाटसरू?" आण्णा तिथनंच म्हणाले. "मी घरचा माणूस हाय. मला कशाला धरतीस?"

साहेबांचा हात पत्रावळीवरच थांबला. आत्याबाईंनी कपाळाला हात लावला. आण्णा शाल सावरत धुऱ्यावर चढले. रस्त्यानं एक मोटारसायकल येत होती. त्यांनी हात उंच केला आणि या वयातही खणखणीत अशी ती जुनी आरोळी दिली, "ओ पाव्हणं, या जेवाया! लाजू नगा, आपलंच रान हाय."

मोटारसायकल थांबली. तुमचं गाव कोणतं, असं मला कुणी विचारलं की मी दोन्ही तालुक्यांची नावं घ्यायचे. आता आण्णा उतरले त्या या फाट्याचंच नाव सांगते.