रुखवतातला पंखा

आमच्या हॉलमधला पंखा मे महिन्यात बंद पडला. पंखे मे महिन्यातच बंद पडतात, कारण जानेवारीत ते बंद पडले तरी कोणाच्या लक्षात येत नाही. अमरावतीतला मे म्हणजे दुपारी नळाच्या पाण्यात चहापत्ती टाकली तर चहा व्हावा असा. घरात कुलर एकच, तो आईच्या खोलीत. त्यामुळे हॉलमध्ये बसणाऱ्याला पंख्याशिवाय कोणी वाली नव्हता.

प्रश्न साधा होता. दुरुस्त करायचा की नवा आणायचा? दुसऱ्या कोणत्याही घरात तो चहा पिता पिता सुटला असता. पण आमचा पंखा रुखवतातला होता. अकोल्याला आमचं लग्न लागलं तेव्हा करंज्यांचं ताट आणि लोकरीचा ससा यांच्या मधोमध तो तीन पाती पसरून बसला होता, आणि आमच्याकडची मंडळी नवरीपेक्षा त्याच्याकडेच जास्त बघत होती. तपकिरी रंग, पात्यांवर सोनेरी वेलबुट्टी. (चालू केला की वेलबुट्टी दिसत नसे, आणि आवाज मात्र कोणी कापूस पिंजतंय असा येई.)

तो दिला होता माझ्या सासऱ्यांनी. मामाजींचं अकोल्यात बियाण्यांचं दुकान आहे. माणूस प्रेमळ, पण दिलेल्या वस्तूंच्या बाबतीत फार हळवा. माझे साडू, दर्यापूरचे संजयराव, यांनी त्यांच्या लग्नातला मिक्सर भंगारात घातला, तर मामाजी त्यानंतर कित्येक सणांना दर्यापूरकडे फिरकले नाहीत. आमच्याकडे फोन आला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, की पंखा बरा आहे ना. लेकीची चौकशी त्यानंतर.

मी बायकोला विचारलं. सुषमा भाजी निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "तुमाले जे वाटते ते करा."

हे वाक्य मी लग्नापासून ऐकतो आहे आणि त्याचा अर्थ मला अजून एकदाही बरोबर लागलेला नाही. या वेळी मी असा लावला, की तिचा जीव पंख्यात आहे, पण माहेरची वस्तू म्हणून बिचारी बोलत नाही. मग आईकडे गेलो. आई म्हणाली, तिच्या माहेरच्या वस्तूवर मी काहून बोलू, तुमचं तुमी पाहा. म्हणजे आईलाही तो राहावासा वाटतो, असं मी धरून चाललो. मला स्वतःला विचाराल तर नवा हवा होता. पण दोन बायकांची मनं मोडून वारा घेणारा माणूस मी नव्हे.

पंखा उतरवून दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानदारानं पाती हलवून पाहिली आणि म्हणाला, वाइंडिंग जळाली आहे, भरून देतो, पण नवा घेतला तर बरं. मी विचारलं, तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं? तो म्हणाला, नवा घेतला असता. मग मी दुरुस्त करायला सांगितला. त्यानं पंखा पुन्हा एकदा बघितला, मग मला बघितलं आणि पावती फाडली.

घरी पोहोचतो तोच मामाजींचा फोन आला. अमरावतीत नात्यातलं लग्न होतं, आणि ते रविवारी सकाळी आधी आमच्याकडे येणार होते. पंखा बरा आहे ना? मी म्हणालो, एकदम बरा. तेव्हा तो बाजारात कोणाच्या तरी टेबलावर पोट उघडून पडला होता.

शनिवारी संध्याकाळी पंखा परत मिळाला, पण तो लावायला माणूस मिळेना. लग्नसराई होती. गावातले सगळे वायरमन मांडवांवर चढून बसले होते. सुषमा म्हणाली, राहू द्या, सोमवारी पाहू. पण मी शाळेत विज्ञान शिकवतो. चार वायरी आणि एक कंडेन्सर यांना मी घाबरावं हे मला शोभेना. मेन स्विच बंद करून मी टेबलावर चढलो, आईनं टेबल धरलं, सुषमानं बॅटरी धरली, आणि मी वायरी जोडल्या. बटण दाबलं आणि पंखा फिरला!

आम्ही तिघंही खाली सतरंजीवर बसलो आणि वर बघू लागलो. पंखा जोरात फिरत होता. कापूस पिंजल्याचा आवाजही होता तसा होता. फक्त वारा येत नव्हता.

सुषमानं हात वर करून पाहिला. आई म्हणाली, हवाच गरम असल, म्हणून समजत नाही. मी म्हणालो, वाइंडिंग नवी आहे, बसायला वेळ लागतो. वाइंडिंग बसते म्हणजे नेमकं काय होतं, हे मला माहीत नव्हतं. पण वर्गात आत्मविश्वासानं बोलायची सवय असते, आणि त्या दोघींनीही मान डोलावली. आम्ही घामाघूम होऊन पंख्याखाली जेवलो.

रविवारी मामाजी आले. सोबत चादरीत गुंडाळून सुतळीनं बांधलेलं मोठं खोकं. मला वाटलं आंबे असतील. ते त्यांनी कोपऱ्यात ठेवलं, सोफ्यावर बसले, टोपी काढली आणि वर पाहिलं. पंखा गरगरत होता. त्यांच्या कपाळावरून घाम निघाला, भुवईवर थांबला आणि नाकावर आला.

"जावाईबुवा," ते म्हणाले, "पंख्याचं मी काय म्हणतो..."

डोळ्यांसमोर संजयराव आणि त्यांचा मिक्सर उभा राहिला. मामाजींना वाक्य पूर्ण करू दिलं तर आपलाही संजयराव होणार, असं वाटून मी मधेच सुरू झालो. म्हणालो, मामाजी, पंखा असावा तर असा. आता काल-परवा थोडा थकला होता, लोक म्हणाले नवा घ्या, मी म्हणालो, जीव गेला तरी बदलणार नाही. वारा तर इतका, की रात्री चादर घ्यावी लागते. हे मी बनियनपर्यंत भिजलेल्या शर्टात सांगत होतो. सुषमा स्वयंपाकघराच्या दारात थबकून ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी कौतुक समजलो.

मामाजींनी एकदा पंख्याकडे पाहिलं, एकदा कोपऱ्यातल्या खोक्याकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे. त्यांचे डोळे ओले झाले होते. (घामही असू शकेल.)

"तुमी एवढा जीव लावला, मले काई माईत नव्हतं," ते म्हणाले. "मंग आता काई म्हनत नाई."

खोक्यात काय आहे असं आईनं विचारलं, तर म्हणाले, थोडं सामान आहे, दर्यापूरवाल्यांना द्यायचं आहे. आणि संध्याकाळी लग्नाच्या मांडवात त्यांनी ते खोकं खरंच संजयरावांच्या हातात दिलं. संजयराव इतके गोंधळले की त्यांना नमस्कार करायचं सुचेना. मला फार बरं वाटलं. म्हटलं, चला, मिक्सरचं भांडण मिटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुषमाच्या बहिणीचा दर्यापूरहून फोन आला. ती आनंदानं सांगत होती की बाबांनी नवा पंखा दिला, रिमोटवाला, आणि वारा असा की कॅलेंडर भिंतीवर राहत नाही. सुषमानं लगेच अकोल्याला तिच्या आईला फोन लावला. तिथून सगळा उलगडा झाला. तो पंखा पहिल्या दिवसापासून आवाज करत होता, दुकानदारानं फसवलं होतं, आणि आपण लेकीला असला पंखा दिला याची मामाजींना इतकी वर्षं लाज वाटत होती. म्हणून दर फोनला ते विचारत. बंद पडल्याचं एकदा कळू दे, की नवा घेऊन द्यायचा, असं त्यांच्या मनात होतं. शेवटी वाट पाहून कंटाळले आणि तो घेऊनच आले.

फोन ठेवून सुषमा माझ्यासमोर बसली. मी विचारलं, मग तुलाही तो पंखा आवडत नव्हता?

"मले तो मांडवात पाह्यला तवाच आवडला नव्हता," ती म्हणाली.

"मग बोलली काहून नाही?"

"तुमी एवढ्या हौसेनं रिपेअर कराले घेऊन गेले. मले वाटलं, तुमचाच जीव हाये."

आईनं आतून सांगितलं की तिला त्या आवाजानं आजवर दुपारची झोप लागलेली नाही. एका पंख्याखाली तीन माणसं एकमेकांचं मन सांभाळत इतकी वर्षं उकडत होती, आणि अकोल्यात चौथा माणूस कुढत होता.

संध्याकाळी आईनं देवापुढची उदबत्ती हॉलमध्ये आणून लावली. पंख्याखाली धूर खरं तर विखरून जायला हवा. हा शहाण्यासारखा सरळ वर निघाला आणि पात्यांमध्ये शिरून छताला जाऊन पसरला.

"प्रशांत," आई म्हणाली, "हा आपल्या खालची हवा वर नेऊन राहिला काय रे?"

मी पंख्याकडे नीट पाहिलं. तो उलटा फिरत होता. मी दोन वायरींची अदलाबदल केली होती, आणि मामाजींना तासभर ज्या वाऱ्याचं वर्णन ऐकवलं तो सगळा छताला लागत होता. सुषमा हसायला लागली ती थांबेचना. मग आईही हसली. मेन स्विच बंद करून मी गुपचूप टेबलावर चढलो.

आता पंखा सरळ फिरतो. वारा बेताचा आहे. बदलायचं नाव काढता येत नाही, कारण त्या लग्नाच्या मांडवात मामाजींनी पंगतीपासून वरातीपर्यंत प्रत्येकाला सांगितलं, की जावई असावा तर असा, जुन्या वस्तूची कदर करणारा. गोष्ट नात्यात पसरली. परवा सुषमाच्या तिवस्याच्या मावशींनी मालवाहू ऑटोतून त्यांचा जुना कुलर पाठवला. एक बाजू गंजलेली, जाळीचं गवत काळं पडलेलं, आणि सोबत निरोप, की नव्या सुनेला हा नको आहे, पण प्रशांतराव सांभाळतील.

सुषमा दारात उभी होती. तिनं मला स्पष्ट शब्दांत सांगितलं, की या वेळी जे मनात आहे तेच बोला. ऑटोवाल्यानं विचारलं, सर, उतरवू काय? परत घेऊन जा, एवढंच म्हणायचं होतं. पण तो सांगू लागला की मावशी कुलर देताना रडल्या. मी कुलरभोवती एक फेरी मारली, गंजलेल्या बाजूवर थाप मारली आणि म्हणालो, "असा पत्रा आता भेटतो कुठं?"