दोन पोटांची वाकळ

“मावशी, हा स्ट्रोक आहे,” डॉक्टर म्हणाले. म्हणजे मेंदूच्या उजव्या बाजूला रक्त पोचायचं थांबलं होतं. “त्यातनं नेग्लेक्ट झालाय. डोळे चांगले आहेत, पण डावीकडचं जग तुमच्या ध्यानातच येत नाही.”

मला हसू आलं. सगळं तर दिसतंय की! ज्याला हा आजार होतो त्यालाच तो कळत नाही. तुमच्या घरात कुणाला झाला तर एवढं लक्षात ठेवा, ते माणूस खोटं बोलत नसतं.

कोल्हापूरच्या त्या वॉर्डात मी सगळ्यांशी भांडले. जेवायला निम्मंच देतात म्हणून! माझी लेक सुनीता ताट फिरवायची आणि भात कुठनंतरी पुढ्यात यायचा. ही मला वेडी ठरवायला निघालीय, असंच मला वाटायचं.

मुरगूडला घरी आल्यावर मी सुई-दोरा मागितला. सुनीताला सातवा महिना होता. बाळाला वाकळ नको?

वाकळ कडेनं धरायची आणि चारी बाजूंनी फिरत आत यायचं. बारीक टाका, फेरीला फेरी चिकटून. जुन्या लुगड्यांवर मग पाण्यासारख्या लहरी उठतात, बघत बसावंसं वाटतं. शेवटी मधोमध, म्हणजे वाकळंच्या पोटात, भाकरीचा तुकडा घालून तोंड शिवायचं. वाकळंनं उपाशी राहू नये, ही आमच्या घरची रीत. जेवलेली वाकळ पुन्हा उसवत नाहीत.

शिवून होईपर्यंत मी कुणाला जवळ येऊ देत नाही, स्वभावच तसा. लहरी सुरेख उठल्या. भाकरी घातली, दोरा तोडला आणि लेकीला हाक मारली.

ती आली आणि वाकळ उलगडून बघायला लागली. “आई, काय केलंस गं हे?”

तिनं माझा हात धरून कापडावरनं फिरवला. टाके, टाके, टाके, आणि मग काहीच नाही. नुसती सुटी लुगडी, एकमेकांवरनं सरकणारी. डावी निम्मी वाकळ कोरी होती. उजव्या निम्म्याच्या मध्यालाच मी पोट समजून बसले होते.

डॉक्टरांचं बोलणं मला त्या दिवशी पटलं. मी ऊर बडवून रडले. माझ्याच डोळ्यांवर भरवसा नसेल तर जगू कशी? बाळ डाव्या अंगाला निजवलं आणि विसरले तर? मरण आलं तर सुटेन, असं मी लेकीच्या तोंडावर म्हटलं. तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला, पण माझं मन काही थाऱ्यावर येईना.

व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, “डाव्या कडेला लाल पट्टी लावा. ती दिसेपर्यंत मान वळवायची. पूर्ण बरं होईल असं मात्र मी सांगत नाही.”

सुनीतानं वाकळंला लाल काठ लावला. उसवायची तर नव्हतीच, म्हणून कोऱ्या निम्म्यात मी नवी फेरी धरली. मान वळव, लाल शोध, टाका घाल. शंभरदा विसरले, सुई फेकली, सगळ्यांना शिव्या घातल्या. हे काम संपणारच नाही असं वाटायचं.

दुसरा मध्य आला तोवर सुनीता बाळंतीण झाली होती. अजूनही माझं ताट फिरवावंच लागत होतं. तिनं भाकरीचा तुकडा हातावर ठेवला.

“आई, वाकळ एक आणि पोटं दोन झाली की गं!”

“असू दे. निम्मी उपाशी राहण्यापरास बरं,” मी म्हटलं आणि मान वळवून लाल काठ शोधला.

काठाला बाळ निजलं होतं. मला दिसलं.