दिंडाच्या पातेल्यातली गोटी

नागपंचमीच्या दुपारी राणीसावरगावात आमच्या दारापुढच्या लिंबाला झोका बांधला होता. कुसुम, माझी धाकटी बहीण, त्यावर उभी राहून झोका उंच चढवत होती आणि मी ओट्यावरून तिला ओरडत होते. तेवढ्यात गंगाखेडच्या बसमधून उतरलेला एक अनोळखी माणूस आला आणि दादांना, म्हणजे आमच्या वडिलांना, बाजूला घेऊन गेला. दादा शाळामास्तर, आयुष्यभर खड्या आवाजात शिकवत आलेला माणूस. परत येऊन ते ओट्याच्या पायरीवर बसले. मग एवढंच म्हणाले, "विमल भाजली... गेली." झोका थांबवायला कुसुमनं दोन्ही पाय मातीत घासले. तो खरखर आवाज माझ्या कानातून अजून जात नाही.

विमलअक्का आमची थोरली बहीण, पंचवीस वर्षांची. तिला जाऊन आज सात आठवडे झाले. वर्तमानपत्राच्या पुरवणीतल्या अशा श्रद्धांजलीच्या लेखात माणसाचं हसणं, त्याच्या गोड आठवणी लिहायच्या असतात, हे मला ठाऊक आहे. पण मी पत्रकं लिहिणारी मुलगी. परभणीच्या कॉलेजात शिकते, हुंड्याविरुद्ध सायक्लोस्टाईल पत्रकं काढते, चौकात उभी राहून वाटते. आणीबाणी उठल्यापासून गेली दोन वर्षं हेच करते आहे. "भगिनींनो, जाग्या व्हा!" असं ठळक अक्षरात लिहिताना मी कधी दोनदा विचार केला नाही. आज एकेक ओळ खोडून पुन्हा लिहिते आहे, कारण भीती अक्काबरोबर संपली नाही. ती आमच्या घरात मुक्कामाला आली आहे आणि आता कुसुमकडं बघते आहे.

आधी दिंडांबद्दल सांगायला हवं. आमच्याकडं पंचमीला विळी, तवा आणि कढई उचलून ठेवतात. चिरायचं नाही, भाजायचं नाही, तळायचं नाही. जे करायचं ते वाफेवर. म्हणून त्या दिवशी पुरणाची दिंडं. हरभऱ्याची डाळ शिजवून, गूळ घालून आटवायची, सुंठ-वेलदोडा टाकून पाट्यावर वाटायची. घट्ट कणीक मळून पुरी लाटायची, मधोमध पुरणाचा गोळा ठेवायचा आणि चारी बाजू पाकिटासारख्या आत दुमडायच्या. अक्का अकरा वर्षांची असल्यापासून हे काम तिच्याकडं होतं. तिचं दिंड कधी उकललं नाही. दुमड घातली की अंगठ्यानं एकदाच दाबायची, दुसऱ्यांदा हात लावायची नाही. मी केलेली दिंडं वाफेत तोंड उघडायची. मग ती म्हणायची, "मंगल, तुझी दिंडं तुझ्यासारखीच. पोटात काय ऱ्हात न्हाई."

वाफवायला आमच्याकडं वेगळं भांडं नव्हतं. जुनं पितळी पातेलं, तळाशी पाणी, त्यावर कडब्याची कांडकं आडवी-उभी रचायची आणि वर भोकांची चाळणी. पाणी आटलं तर झाकण ठेवलेलं असल्यानं कळत नाही, म्हणून त्या पाण्यात एक काचेची निळी गोटी टाकायची. ती माझी गोटी, गल्लीतल्या पोरांकडून जिंकलेली. अक्कानं ती हिसकावून पातेल्याच्या कामाला लावली ती कायमची. पाणी उकळलं की गोटी तळाशी खडखड नाचायची. आम्ही अंगणात खेळत असू आणि अक्काचं अर्धं ध्यान त्या आवाजाकडं असायचं. "गोटी बोलायलीय तवर भ्यायचं काम न्हाई," ती सांगायची. "गप झाली की पळायचं."

मोठी झाल्यावर मी या सगळ्याची टिंगल केली. नागोबाला काय कळतंय तवा का पातेलं, असं मी तिला सुनावलं तेव्हा ती दुमडीवरून नजर न हलवता म्हणाली, "नागोबाचं ऱ्हाऊ दे. वरसातून एक दिस बाईला फोडणीच्या धुरातून सुट्टी मिळती. तेवढं तुझ्या पत्रकात लिव्ह की!" मी लिहिलं नाही. मला ते फार किरकोळ वाटलं होतं.

चार वर्षांपूर्वी तिचं लग्न झालं. सासर परभणीपलीकडचं. गावाचं नाव मुद्दामच लिहीत नाही, का ते पुढं कळेल. रुखवतात ते पातेलं गेलं, गोटीसकट. दर पंचमीला माहेरी येताना ती ते पिशवीत घालून आणायची. पहिल्या वर्षी आली तेव्हा बोलून बोलून थकली नाही. दुसऱ्या वर्षी माझ्या हातून ताट पडलं तर ती दोन्ही हात डोक्यावर घेऊन भिंतीला चिकटली आणि मग आपणच हसली... तिसऱ्या वर्षी, म्हणजे गेल्या वर्षी, मी तिची दिंडं बघत बसले होते. ती एकेक दुमड दोनदा, तीनदा, चारदा दाबत होती. आधीच बंद झालेलं पुन्हा पुन्हा बंद करत होती. मनगटाच्या आत एक गोल डाग होता. मायनं विचारलं तर म्हणाली, "वाफ लागली." वाफेचा डाग बिडीच्या टोकाएवढा नसतो, हे मायलाही कळत होतं आणि मलाही. सासरी फटफटीसाठी धोशा चालला होता, तेही आम्हाला माहीत होतं. मी तिला मागच्या दारी गाठलं आणि म्हटलं, चल, तक्रार देऊ, मोर्चा नेऊ तुझ्या दारावर. ती घाबरून इकडंतिकडं बघायला लागली. "हळू बोल गं. तुझं भाषण संपलं की तू परभणीला जातीस. मला तिथंच जायचं हाय."

दुसऱ्या दिवशी मीच तिला सासरच्या बसमध्ये बसवून दिलं.

या वर्षी पंचमीच्या दोन दिवस आधी तिला आणायला मी गेले. आम्हाला भाऊ नाही, म्हणून मुऱ्हाळी मीच. दाजी बाजेवर ट्रान्झिस्टर ऐकत पडले होते. त्यांनी मान वर केली नाही. सासू म्हणाली, "यंदा न्हाई पाठवत. घरात माणसं हायेत, त्यांचं कोण करणार?" मी वाद घालायला तोंड उघडलं, तर स्वयंपाकघराच्या दारातून अक्कानं डोळ्यांनीच मला गप्प केलं. मी आत गेले. ओट्यावर रॉकेलचा स्टोव्ह, कोपऱ्यात चूल. तिनं फळीवरचं पातेलं काढून माझ्या कानाशी हलवलं, आतली गोटी खुळखुळली. "हाय की अजून तुझी गोटी," ती म्हणाली. "पंचमीला हितंच करते दिंडं. सासूलाबी लय आवडतात. त्या दिशी तरी कुणी काय बोलत न्हाई." निघताना तिनं माझा दंड धरला. बोटं थंडगार होती. "मंगल, मला भ्या वाटायलंय." मी विचारलं, कशाचं? तेवढ्यात बाहेर ट्रान्झिस्टर बंद झाला. तिनं हात काढून घेतला आणि मोठ्यानं म्हणाली, "जा बाई, बस जाईल तुझी."

आणि मी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी पत्रकाचा मजकूर ठरवायला बैठक होती. विषय होता, विवाहित स्त्रियांची सुरक्षितता.

पंचनाम्याची नक्कल दादांनी आणली. 'मयत ही स्टोव्हवर पुऱ्या तळत असताना स्टोव्हचा भडका होऊन पदर पेटला.' मी ती तीनदा वाचली. वेळ तपासली, साक्षीदारांच्या सह्या तपासल्या, कलमं शोधली. मला काही सापडलं नाही. मी, पत्रकवाली, शब्दन् शब्द सोलणारी! दादांनाही सापडलं नाही. मायला कुणी वाचूनच दाखवलं नव्हतं. बायकांपुढं असलं कशाला वाचायचं, असं सगळ्यांना वाटलं.

महिना उलटला आणि अक्काचे सासरे त्यांच्या एका वडीलधाऱ्या नातलगाला घेऊन आमच्याकडं आले. बरोबर अक्काच्या भांड्यांचं पोतं होतं. चहा झाला. मग नातलगानं घसा साफ केला. "झालं ते वाईट झालं, मास्तर. पण नातं तुटू नये. पोराचं घर उघडं पडलंय. धाकटी उजवायची हायच तुमाला. कुसुमला देऊन टाका."

दाराआड कुसुमनं माझा हात धरला. सतरा वर्षांची पोर. तिची बोटं तशीच थंड होती... त्या दिवशीच्या अक्काच्या बोटांसारखी. मी दादांकडं बघत होते. दादा जमिनीकडं बघत होते. मान वर न करताच म्हणाले, "बघू." पत्रकात मी बापांना किती शिव्या घातल्या आहेत! पण त्या एका शब्दात किती भीती मावते, ते मला तेव्हा कळलं. सासऱ्यांना मात्र तो होकार वाटला. ते सैलावले, डोळे पुसायला लागले. "लय गुणाची व्हती हो. सणासाठी पुऱ्या तळायली व्हती बिचारी, अन्..."

आत माय पोतं रिकामं करत होती. भांड्यांचा आवाज थांबला.

ती पातेलं हातात घेऊन बाहेर सोप्यावर, पाहुण्यांच्या बैठकीत आली. परक्या पुरुषांपुढं ती कधी येत नाही. "काय तळायली व्हती म्हणलात?"

"पुऱ्या."

"पंचमीला?"

सासरे गोंधळले. नातलग म्हणाला, "सणाला पुऱ्या लागतातच की, वैनी."

"तुमच्या घरी पंचमीला कढई चढती?"

"बायकांचं आमाला काय ठावं?"

"तेच की," माय म्हणाली आणि तिनं झाकण काढलं. वरच्या चाळणीवर करपलेल्या कणकेचे नऊ चौकोनी डाग होते. खाली कडब्याची कांडकं जळून कोळसा झाली होती, त्यावर बुरशी चढली होती. बुडाला चुलीची राख तशीच चिकटली होती; पातेलं घासायचीसुद्धा कुणी तसदी घेतली नव्हती. मायनं ते आडवं केलं, हलवलं. आवाज आला नाही. दिंडातून गळलेला गूळ तळाशी जळून राळेसारखा काळा, घट्ट झाला होता आणि गोटी त्यात रुतून बसली होती.

"हे पाणी आटंस्तोवर कुणी बघायला न्हवतं," माय म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढला नाही. "माझी लेक चुलीपाशी व्हती. वाफेपाशी. कढईपाशी न्हवती."

मग दादा उठले आणि शाळेतल्या त्यांच्या जुन्या आवाजात म्हणाले, "तुमी उठा." दारापर्यंत गेल्यावर एवढंच जोडलं, "कुसुम मिळणार न्हाई."

मी न्यायाधीश नाही. कुणी काय केलं, ते मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पण पंचमीच्या दिवशी तळण करत होती, असं ज्यानं सांगितलं, त्यानं त्या दिवशी स्वयंपाकघरात काय शिजत होतं तेही बघितलं नव्हतं, एवढं मी सांगू शकते. आणि चाळणीवर नऊ डाग होते, पण दिंड एकही नव्हतं. ती नऊ दिंडं काढून कुणी खाल्ली, एवढं मला विचारायचं आहे.

अर्ज दिला आहे. चौकशी चालू आहे, असं सांगतात. मधल्या काळात एक निरोप मात्र आला: मास्तरांना अजून दोन पोरी उजवायच्या आहेत, हे त्यांनी ध्यानात ठेवावं. तेव्हापासून कुसुम एकटी विहिरीवर जात नाही. दारापुढं सायकल थांबली तरी माय हातातलं काम सोडून उभी राहते. हे छापून आलं की काय होईल, मला माहीत नाही. मी घाबरले आहे, आणि तरी लिहिते आहे. त्या दिवशी बस चुकवायला हवी होती.

माय रोज सगळी भांडी राखेनं लख्ख घासते. ते एक पातेलं घासत नाही. फडक्यात बांधून फळीवर ठेवलं आहे. परवा मी ते उतरवलं आणि खिळ्यानं गोटी सोडवायला बघत होते. मायनं माझं मनगट धरलं. "ऱ्हाऊ दे. इचारणारा कुणी येईल, तवा त्याला जशीच्या तशी दिसू दे."

अजून कुणी आलेलं नाही.