दहापैकी दोन

मी आज जो काही आहे तो माझ्या मोठ्या बहिणीमुळे, कुंदामुळे. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात, म्हणून पुढे बाईच लिहितो. नोकरीसाठी बंगळुरूला निघालो त्या सकाळी नागभीडच्या फलाटावर मला सोडायला तीच आली होती. माय घरीच थांबली. जाणाऱ्याच्या मागे रडू नये म्हणाली. बाईनं माझी बॅग खांद्यावर घेतली होती. मी ओढू लागलो तर म्हणाली, "सोड नं बाबू, तुले आता जनमभर उचलाचीच हाय."

बल्लारशाकडे जाणारी गाडी लागली आणि बाई एकदम बाकड्यावर बसली. दोन्ही हातांनी गुडघे दाबून धरलेले, ओठ पांढरे.

"दुखते का बाई?"

"थोडसं. जाय तू, जागा धर."

मी जागा धरली. खिडकीतून पाहिलं तर ती बसल्या बसल्याच हात हलवत होती. तिला उभंच राहता येत नव्हतं, हे गाडी हलल्यावर माझ्या ध्यानात आलं.

बाईला सिकलसेल आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांमध्ये अडकतात, आणि जिथे अडकतात तिथे माणूस कळवळतो. आमच्या भागात हा आजार गावोगाव आहे. माझ्या पाठचा भाऊ सचिन यातच गेला. तेव्हा लोक या दुखण्याला वात म्हणायचे. शेवटच्या आठवड्यातही सचिन "बरं हाय" एवढंच म्हणायचा, कारण मायनं आम्हाला तसंच शिकवलं होतं. "दुखन्याचं नाव मोठ्यानं घेऊ नोको. ते आयकते."

सचिन गेल्यावर आमचं रक्त तपासलं. मी वाहक निघालो, म्हणजे आजाराचा अंश अंगात आहे पण त्रास नाही. बाईला पूर्ण आजार. तरी शाळा सुटली ती तिची. या आजाराला गार पाणी सोसत नाही, आणि भात रोवण्याच्या दिवसांत बाई लोकांच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांत, गुडघाभर चिखलात वाकून असायची. चंद्रपूरला मी इंजिनिअर झालो तो त्या चिखलावर.

बंगळुरूला मला काम मिळालं तेही याच आजाराचं. हे कळल्यावर मी खूप वेळ ऑफर लेटर नुसतं बघत बसलो होतो. आमची टीम रुग्णांचे रक्ताचे रिपोर्ट, जनुकांची माहिती आणि दवाखान्यातल्या नोंदी एकत्र करते. त्यावरून संगणकाचं मॉडेल शिकतं की कुणाला कोणतं औषध लागू पडेल, धोका आधी कुणाला आहे. मी त्या सगळ्याची चित्रं करतो, म्हणजे आलेख, नकाशे, डॅशबोर्ड. गावी असताना दुखणं म्हणजे भिंतीकडे तोंड करून झोपलेली बाई. इथे आयडी कार्ड गळ्यात घालून, फिल्टर कॉफी घेऊन मी 'पेन स्कोर' नावाचा रकाना उघडतो. दर महिन्याच्या तपासणीला नर्स विचारते, शून्य ते दहा, किती दुखतं? तो आकडा टॅबवरून आमच्याकडे येतो. नाव नसतं. वय असतं, तालुका असतो.

त्या आकड्यांचा मी नकाशा केला. जास्त दुखणं गडद लाल, कमी दुखणं फिकट पिवळं. सगळीकडे लाल पसरलं होतं आणि चंद्रपूर-गडचिरोलीचा तुकडा मात्र फिका. मीटिंगमध्ये आमच्या प्रमुख मॅडम खुर्चीतून उठून स्क्रीनजवळ गेल्या. "या लोकांच्या जनुकांमध्ये वेदनेपासून वाचवणारं काहीतरी असणार," त्या म्हणाल्या. सगळ्यांना उत्साह आला. मला सचिनचं 'बरं हाय' आठवलं. त्याच दुपारी मी बाईला फोन लावला.

"बाई, नर्सबाई इचारते तवा तू किती सांगतेस?"

"दोन. लयच झालं तं तीन."

"अन् खरं किती रायते?"

बाई हसली. "अरे बाबू, मोठा आकडा सांगतला का गाडीत टाकतेत अन् चंद्रपूरले धाडतेत. मंग मायजवळ कोन रायते? साऱ्या बाया दोनच सांगतेत. सरितानं एक डाव सात सांगतलं, तं आम्ही तिचं नावच सातवाली ठेवलं. अन् दहापैकी दहा तं तुले भेटत होते शाळेत. मले कुठी?"

दुसऱ्या दिवशी मी हे मॅडमना सांगितलं. त्या चांगल्या आहेत, त्यांनी नीट ऐकून घेतलं. जनुकांची गोष्ट त्यांनी बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "मग दवाखान्यात भरती किती होतात ते बघू." बघितलं. चंद्रपूर-गडचिरोलीत भरतीही कमी होती. दोन सांगणाऱ्याला कोण भरती करून घेतो? मॉडेल आपल्या परीनं बरोबर तेच शिकलं होतं, की इथे घाई नाही. नव्या औषधाच्या चाचणीसाठी ज्यांना आधी बोलवायचं ते त्यानं निवडले. आमच्या तालुक्यातून एकाचाही नंबर लागला नाही.

या पुसात, पौषाच्या थंडीत, बाईच्या छातीत कळ आली. सुट्टी टाकून मी चंद्रपूरला पोचलो तेव्हा ती ऑक्सिजनवर होती. डॉक्टर मला बाहेर नेऊन म्हणाले, फुप्फुसाला धक्का बसला आहे, असं पुन्हा झालं तर सांगता येत नाही. आत आलो तर नर्स तिला विचारत होती, "किती दुखते बाई, दहापैकी?" मास्कमुळे बाईला बोलता येईना. तिनं चादरीतून हात काढला आणि दोन बोटं वर केली.

तुमच्यापैकी जे गाव सोडून आले त्यांना घर आठवतं ते अंगण, मोहाचं झाड, वडशाची झाडीपट्टी नाटकं असं. मलाही आठवायचं. आता घर म्हटलं की डोळ्यांपुढे तो फिका पिवळा तुकडा येतो. मी रंगवलेला, आणि खोटा.

बाई घरी आली आहे, पण उंबऱ्यापर्यंत चालली तरी तिला दम लागतो. पावसाळ्यानंतर चाचणीसाठी पुन्हा निवड होणार आहे. फोनवर ती हसण्यावारी नेते, म्हणून हे पत्र पाठवलं.

प्रिय बाई,

जयभीम. मायची तब्येत कशी आहे? तू गोळ्या घेतेस ना?

दर महिन्याच्या तपासणीत तू जो आकडा सांगतेस, तो इथे माझ्यासमोर येतो. नाव नसतं, त्यामुळे तुझा कोणता ते मला दिसत नाही. आपल्याकडचे सगळेच आकडे तुझ्यासारखे आहेत. मशीनला तुझे गुडघे माहीत नाहीत. तिला फक्त दोन माहीत आहे, आणि दोनवाल्याला ती मागे ठेवते. खोटं सांग असं मी म्हणत नाही. जेवढं आहे तेवढं सांग, आणि सरितालाही सांगायला लाव. चंद्रपूरला न्यायची वेळ आली तर मी येईन, मायजवळ मी राहीन. रजेचं मी बोलून ठेवलं आहे.

दुखणं ऐकतं असं माय म्हणते. सचिननं कधी मोठ्यानं नाव घेतलं नाही, तरी ते आलंच ना?

नर्सबाईला एकदम सांगायला जड जात असेल तर आधी मला सांग. त्या दिवशी नागभीडच्या बाकड्यावर तू मला 'थोडसं' म्हणाली होतीस. किती होतं?

तुझा,
बाबू