बॅडमिंटन सोडण्याची कारणं

"नवी आहे, तिच्यासमोर नको. तिच्या पोटात राहायचं नाही काही."

मंडळाच्या बायकांसाठी चहाचा ट्रे घेऊन दाराशी आले, तेव्हा कानावर पडलेलं हे माझं पहिलं कौतुक. लग्न होऊन भोपाळच्या या टाउनशिपमध्ये मला तेव्हा बारा दिवस झाले होते. पण मराठी महिला मंडळात नुसतं गप्प बसलं, तरी किस्से आपोआप साठतात.

कुलकर्णीकाकूंच्या ईशाचं बॅडमिंटन अचानक बंद झालं. "गुडघा दुखतो," काकू म्हणाल्या. त्याच संध्याकाळी ईशा तीन जिने धावत चढून आम्हाला तिळगूळ देऊन गेली.

जोशीवहिनींच्या तन्वीनं गणितासाठी खेळ सोडला. गणितात तिला पंच्याण्णव होते. "पाच गेलेच ना," वहिनी म्हणाल्या.

शिंदेकाकू मूळच्या इंदूरच्या. त्यांनी सायलीला आनंद नगरला कथकला घातलं. "उन्हात खेळून मुली काळ्या पडतात गं." बॅडमिंटनच्या हॉलला छप्पर आहे, असं मी म्हणणार होते. चहा ओतला.

क्लबच्या त्या हॉलचं दार माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं. रॅकेट कशी धरायची हे तिथले बॅडमिंटनचे सर मुलांना तोंडानं सांगतात. मुलींना मागे उभं राहून, हात धरून. मुलगी पुढे सरकली की सरही सरकतात.

मध्यंतरी मंडळात एका डॉक्टरीणबाईंचं भाषण ठेवलं होतं, वयात येणाऱ्या मुलींच्या सुरक्षिततेवर. मोबाइल आणि जीन्सवर बरेच प्रश्न आले. बाई म्हणाल्या, "त्रास देणारा बहुतेक वेळा ओळखीचाच असतो. आणि मोठी माणसं गप्प बसली की त्याचं फावतं." खूप टाळ्या पडल्या. मग क्लबचे सेक्रेटरी म्हणून सरांच्या हस्ते बाईंना पुष्पगुच्छ देण्यात आला.

गेल्या मंगळवारी नागपूरहून बदलून आलेल्या पाटीलबाई मंडळात आल्या. सोबत तेरा वर्षांची रेवा, मांडीवर कोरी रॅकेट.

"सोमवारपासून हिला क्लबात घालतेय. सर कसे आहेत हो?"

"बिलकुल घरच्यासारखे," शिंदेकाकू म्हणाल्या.

"शिकवतात छान," जोशीवहिनी म्हणाल्या, चकलीकडे बघत.

कुलकर्णीकाकूंनी चिवड्याची बशी पुढे केली. रेवा रॅकेटचं कव्हर काढत होती, परत घालत होती.

मी ट्रे खाली ठेवला.

"काकू, ईशाचा गुडघा का दुखतो ते यांना सांगा. नाहीतर मी सांगते."