राणी अर्ध्या वाटेवर बसली

“आपण भाड्याच्या घरातली माणसं, आपल्याला कुत्रा पाळता यायचा नाही.” मी सात-आठ वर्षांची असताना बाबांनी हे सांगितलं आणि माझ्या फ्रॉकच्या ओच्यातलं पिल्लू शेजारी देऊन आले. आता वसईत तिसऱ्या मजल्यावर माझा स्वतःचा फ्लॅट आहे. तरी ते वाक्य घरात राहतंच.

फिलोमिना आणि मी एका शाळेत शिकवायचो. ती वयाने मोठी, पण मी तिला फिलूच म्हणते. भुईगावात तिची केळीची वाडी आहे आणि दोन कुत्री: म्हातारी राणी आणि दांडगा बॉस्को. पुढच्या महिन्यात फिलू कायमची मुलीकडे, कॅनडाला चालली आहे. कुत्री वाडीतच राहणार, भावाकडे. “जायच्या आधी एकदा डोंगर चढू या, चौघं,” ती म्हणाली.

मे संपत आला होता. अशा दिवसांत जाणार असाल तर उजाडताच निघा. कुत्री असतील तर स्वतःची गाडी हवी, रिक्षावाले घेत नाहीत. चिंचोटी फाट्यावर चहा-वडापाव घेतला आणि कामणच्या पुढे, अभयारण्याच्या हद्दीबाहेरच्या एका डोंगरापाशी गाडी लावली. ओढे कोरडे होते, म्हणून पाणी पाठीवर. फिलूने केळीच्या सोपटाचा, खोडाच्या सालीचा, द्रोण दुमडून, काडीने टोचून आणला होता. वाडीतली कुत्री त्यातूनच पाणी पितात. मी हौसेने नेलेल्या स्टीलच्या वाडग्याकडे दोघांनी पाहिलंसुद्धा नाही.

वाटेत करवंदं विकायला निघालेली एक बाई भेटली. बॉस्को फिलूला फरफटत नेत होता.

“बाई, तुम्ही कुत्र्याला फिरवायला आनलंय का त्यानं तुम्हाला?”

“त्यालाच विचारा,” फिलू धापा टाकत म्हणाली. आम्ही पळसाच्या पानावर करवंदं घेतली.

अर्ध्या चढावर राणी एका झाडाच्या सावलीत बसली. फिलूने समजावलं, ओढून पाहिलं. राणीने मान फिरवली.

“तू जा वर. मी थांबते हिच्यापाशी,” मी म्हटलं.

फिलू वळणाआड गेली तेव्हा राणी कण्हली. मी “ये, बस” म्हटलं, पण तिला वाडीतली बोली कळते, माझी नाही. मग द्रोणात पाणी ओतलं. ती प्यायली, थोडी घुटमळली आणि माझ्या बुटावर हनुवटी टेकून झोपली. पाय अवघडला, तरी मी हलवला नाही. झाडीच्या फटीतून खाली मिठागरं चमकत होती. वरून याहून बरंच दिसतं म्हणे.

थोड्या वेळाने वरून फिलूची हाक आली, “राणीऽऽ!” राणीचे कान उभे राहिले. डोळे उघडले. उठली मात्र नाही.

खाली आल्यावर फिलू आमच्याकडे पाहत उभी राहिली. “हाक मारली मी.”

“ऐकू कमी येतं गं तिला हल्ली,” मी म्हटलं. फिलूने मान डोलावली आणि बॉस्कोच्या अंगातले काटे वेचत बसली.

परतताना गाडीत मी राणीला माझ्याकडे ठेवायचा विषय काढला. तिचा भाऊ वाईट नाही, पण राखणीला उपयोग नसलेलं जनावर कशाला, असं तो माझ्यासमोरच म्हणाला होता. फिलू समोर बघत म्हणाली, “मातीतलं कुत्रं ते. तिसऱ्या मजल्यावर लादीवर पाय घसरतील तिचे. शिवाय ती माझी वाट बघणार ती फाटकापाशीच.”

घरी येऊन बूट काढले. डाव्यावर राणीचे पांढरे केस होते, अजून आहेत. काल बाजारातून काथ्याची लांब पायपुसणी आणली, दारापासून बाल्कनीपर्यंत अंथरली. त्यांवर पाय घसरत नाहीत, मी चालून पाहिलं.

फिलू, माझं लिहिलेलं सगळ्यांत आधी तू वाचतेस. हेही वाचशील आणि नाहीच म्हणशील, ठाऊक आहे. तरी मागते: राणी मला दे.