भूमध्य समुद्राचं ऊन आणि आमचं संत्रं

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी, त्यामुळे घरातले सगळे प्रवास मी ठरवतो.

ही प्रथा कुणी घातली ते माहीत नाही. बाबा जन्मभर एसटीचे ड्रायव्हर होते, म्हणजे प्रवासातलं खरं तर त्यांना कळतं. पण पदवी माझ्याकडे! शिवाय मी न्यूझीलंडमधल्या ख्राइस्टचर्चमध्ये भूकंपाला न जुमानणाऱ्या इमारतींची गणितं करतो. ज्याच्या इमारती पडत नाहीत, तो स्वतः कसा तोंडावर पडेल? असा आपला माझा समज.

मेच्या शेवटी आई-बाबा बारामतीहून आमच्याकडे आले. आईने बॅग भरून सुती साड्या आणि कोकम सरबताच्या बाटल्या आणल्या होत्या. विमानतळाच्या दारातून बाहेर पाऊल टाकलं आणि दक्षिणेच्या वाऱ्याने तिला असा दणका दिला, की ती ट्रॉलीसकट परत आत!

"मे महिन्यात थंडी? काहीतरी बिघडलंय रे इथे!"

घरी आल्यावर मी तिला पृथ्वी समजावली. एक संत्रं घेतलं, आईची विणायची सुई त्यात आरपार खुपसली आणि दिव्याभोवती तिरकं धरून फिरवलं. "हे बघ, ही वर बारामती. हे खाली आपण. वर उन्हाळा असला की खाली हिवाळा. इतकं साधं आहे!" (आवाज जरा प्राध्यापकाचा लागला होता, हे कबूल.)

"कळलं. सुई धुऊन दे," आई म्हणाली.

संत्रं कळलं, पण थंडी सोसेना. इथली घरं दिसायला छान, आतून माठासारखी गार! आई गरम हवा सोडणाऱ्या हीटपंपाखाली खुर्ची टाकून बसायची आणि त्याच्याकडे असं बघायची, जसं काही तो घरातला एकुलता एक सज्जन. जूनअखेर तिने जाहीर केलं, "पुढच्या महिन्याचं माझं तिकीट काढ. घरात मफलर बांधून बसायला मी काय गुन्हा केलाय?"

माझं धाबं दणाणलं. वर्षानुवर्षं मागे लागून आणलेले आई-बाबा असे लगेच परत? आमची लेक ईरा जन्मापासून आमच्या मराठीला इंग्रजीत उत्तर देणारी, ती आत्ता कुठे आजीशी मराठीत भांडायला लागली होती! काहीही करून आईला थांबवायला हवं होतं.

"आई, डिसेंबरपर्यंत थांब," मी म्हणालो. "तुला स्पेनला नेतो. भूमध्य समुद्राचा किनारा! असं ऊन दाखवतो, की बारामती विसरशील."

"डिसेंबरात इथे काय असतं?"

"इथे काय, असतं आपलं साधं ऊन. तिकडचं ऊन जगप्रसिद्ध आहे!"

आई विरघळली. "बरं. डिसेंबरपर्यंत थांबते. पण ऊन नाही मिळालं, तर तिथूनच बारामती."

झालं! माझ्या पायाला भिंगरी लागली. ऑफिसात बसवेना, घरी टिकवेना. जेवताना एका हातात घास, दुसऱ्या हातात फोन. स्पेनमधलं जे गाव मी निवडलं, त्याच्या चौपाटीवर (गावाचं नाव सांगत नाही, गावाचा काहीच दोष नाही) एक कॅमेरा चोवीस तास चालू असतो, तो मला सापडला. तो मी टीव्हीवर लावला. आमच्याकडे रात्रीच्या जेवणाची वेळ, तिकडे सकाळ. निळाशार समुद्र, छत्र्यांची रांग आणि वाळूवर भाजत पडलेली माणसं!

"बघा!" मी उठून उभा राहिलो. "हा जुलै आहे. म्हणजे हा त्यांचा हिवाळा! हिवाळ्यात ही तऱ्हा, तर डिसेंबरात काय होईल?"

"फुटाणे होतील," बाबा म्हणाले.

"अरे, पण जुलै म्हणजे तिथे..." माझी बायको मृणाल काहीतरी बोलायला गेली.

"मृणाल, प्लीज! मी बघतोय ना?"

तेवढ्यात दूध उतू गेलं आणि ती स्वयंपाकघरात पळाली. त्या दुधाने माझं जेवढं नुकसान केलं, तेवढं कुठल्याच भूकंपाने केलं नसेल!

आईने तो कॅमेरा आपलासाच केला. रोज संध्याकाळी मांडीवर पांघरूण घेऊन टीव्हीसमोर. "बंद करू नकोस रे, नुसतं बघूनही अंग शेकतं." हळूहळू तिथल्या लोकांशी तिची ओळखही झाली. "लाल छत्रीवाली आज आली नाही वाटतं?" "तो टकल्या बघ, टोपी न घालता पडलाय. आई नाही का त्याला?"

मला मात्र नवीनच काळजी. हिवाळ्यात एवढं ऊन, तर ऐन डिसेंबरात आईला उन्हाचा झटका आला म्हणजे? लगेच रिकार्टनच्या मॉलमध्ये गेलो आणि भर जुलैत सगळ्यांसाठी टोप्या, सनस्क्रीन, टॉग्ज (म्हणजे पोहायचे कपडे) आणि जांडल्स (म्हणजे रबरी चपला) मागितले. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "कुठे, फिजीला?"

"स्पेनला. डिसेंबरात!" मी ऐटीत म्हणालो.

तिने टोप्या पुन्हा एकदा मोजल्या. मग म्हणाली, "स्वीट अ‍ॅज." (म्हणजे इथल्या भाषेत 'झकास', पण आजारी माणसाला बोलतात तसं.)

बाबा जांडल्स पायात रुळावेत म्हणून मोज्यांवर जांडल्स घालून घरभर फटक फटक फिरू लागले. ईरा टॉग्जवर स्वेटर घालून झोपू लागली. आणि मी हॉटेल शोधलं, तर काय नशीब! समुद्राकडची खोली रिकामी. शेजारची रिकामी. अख्खा मजला रिकामा!

"बघितलंत? आधी ठरवलं की असं होतं!"

"अख्खी गाडी रिकामी दिसली, की मी आधी रस्ता बंद नाही ना ते विचारायचो," बाबा म्हणाले.

मी हसून सोडून दिलं. (एसटी वेगळी, स्पेन वेगळं!)

खोल्या ठरल्या. व्हिसाच्या कागदांना हात घालण्याआधी एकच शंका उरली होती. म्हणून एका संध्याकाळी सगळ्यांना गोळा करून मी हॉटेलला फोन लावला. स्पीकरवर! मुलगा परदेशात कसा फाडफाड बोलतो, हे आईने ऐकायला नको? मालकीणबाई इंग्रजीत गोड बोलल्या.

"मॅडम, माझी आई वयस्कर आहे. डिसेंबरात तिला ऊन सोसलं नाही तर? खोलीत एसी आहे ना? शिवाय एक टेबलफॅन मिळेल का?"

पलीकडून बाईंनी वही चाळल्याचा आवाज आला.

"सर, डिसेंबरात आमच्याकडे हीटर मागतात."

"हीटर?"

"वारा फार असतो. पाऊस असतो. स्विमिंग पूलवर ताडपत्री असते, छत्रीवाले गावी गेलेले असतात. सर, तुम्ही बोलताय कुठून?"

"न्यूझीलंडहून."

"मग तुमच्याकडे डिसेंबरात काय असतं?"

"उन्हाळा," मी म्हणालो. आणि हा शब्द स्पीकरवरून फिरून माझ्याच कानात आला.

टीव्हीवर लाल छत्रीवाली तेल चोळत होती. माझ्याकडे कोणी बघत नव्हतं, हे सगळ्यात वाईट! शेवटी आईने हिशोब मांडला, अगदी शांतपणे.

"म्हणजे इथली थंडी मी सोसायची. ती संपून इथे ऊन आलं, की तू मला विमानात घालून तिकडच्या थंडीला भेटवून आणणार. असंच ना?"

"डॅड," ईरा म्हणाली, "तू आजीला ऑरेंज चुकीचं दाखवलंस?"

"ऑरेंज बरोबर होतं गं," मृणाल म्हणाली. "डॅडनेच नीट बघितलं नाही."

बुकिंग रद्द करता आलं. अब्रू परत मिळायचं तसं काही कलम नव्हतं. मी मान खाली घालून आईला विचारलं, "मग बारामतीचं तिकीट काढू?"

"नको," आई म्हणाली. "त्या साध्या उन्हाची वाट बघते. ते तू ठरवलेलं नाहीये, म्हणजे येईल."

आणि आलं! डिसेंबरात आमच्या मागच्या अंगणात रात्री जेवणाच्या वेळेलाही लख्ख उजेड. आईने सुती साड्या काढल्या, टोपी आणि जांडल्स घातले, कोकम सरबताची बाटली उघडली आणि कपडे वाळत घालायच्या दांडीखाली पापड पसरले. दुपारी सावलीसाठी आत आली की टीव्हीवर तो कॅमेरा लावून बसायची. तिकडे मध्यरात्रीचा अंधार, पाऊस, ओस किनारा. "लाल छत्रीवाली कुठे असेल गं बिचारी? गारठली असेल," असं म्हणत ती पंखा वाढवायची.

जानेवारीत आई-बाबा परत जायच्या आधी मी पुन्हा लॅपटॉप उघडला. उत्साह काही केल्या मरत नाही! "आई, पुढच्या वेळी जुलैत या. खरोखर स्पेनला जाऊ. या वेळी मी सगळं नीट..."

आईने पापडांवरून नजरही काढली नाही.

"आधी संत्रं आण."

मी निमूट फ्रिजकडे गेलो. परत आलो, तर बाबा सुई घेऊन तयारच होते.